पाण्यात पाहणं

शैलजाबाई मिरजकरांनी उभं आयुष्य पाण्यात पाहण्यात घालवलं, आणि तरी त्यांना कुणी दुष्ट म्हटलं नव्हतं. कारण ते पाहणं काचेच्या नळीतलं होतं. सांगलीच्या जलशुद्धीकरण केंद्रात त्या मुख्य रसायनतज्ज्ञ होत्या. नदीला पूर येवो नाहीतर उन्हाळ्यात तिचं डबकं होवो, बाईंनी नळी उजेडात धरून मान हलवल्याशिवाय पाणी पुढे जात नसे. हॉटेलात गेल्या तरी पेला आधी खिडकीकडे धरायच्या. वेटर बिचारे कावरेबावरे व्हायचे. निवृत्त झाल्यावर मान हलवायला पाणीच उरलं नाही, आणि वर संधिवाताने बोटं धरली. कुकरचं झाकण उघडायला मुलाला हाक मारावी लागू लागली. अशा बाईंच्या घरी मुलाने, म्हणजे तन्मयने, मागच्या व्हरांड्यात गरम पाण्याचा स्पा बसवला. मग काय विचारता!

तन्मय त्याला स्पा म्हणे, शेजारपाजारचे हौद म्हणत. चौघं ऐसपैस बसतील एवढा. त्या पाण्यात जरा वेळ हात बुडवून बसलं की शैलजाबाईंची बोटं सुटी व्हायची, आणि पुढचे काही तास त्या वेणी घालू शकायच्या, भाजी चिरू शकायच्या, पेन धरू शकायच्या. दुसऱ्या कशाने एवढं बरं वाटत नव्हतं, म्हणून त्या हौदावर त्यांचा जीव जडला होता.

आता या हौदाची गंमत सांगायलाच हवी. पूर्वी घरात स्पा ठेवणं म्हणजे दारात म्हैस बांधण्यासारखं होतं, रोज बघा आणि रोज घाण काढा. कोमट पाण्यात माणसं बसली की घाम, तेल, कातडीचा कोंडा, सगळं पाण्यात उतरतं, आणि रोगजंतूंना एवढी मेजवानी दुसरीकडे कुठे मिळत नाही. त्यांना मारायला क्लोरीन घालावं, तर घामाशी त्याचं जमून डोळे झोंबणारा वास सुटायचा. कागदी घड्यांची गाळणी दर आठवड्याला काढून नळाखाली धुवा, अधूनमधून औषधात भिजत घाला. शेवटी कंटाळून लोक स्पा कोरडा करायचे आणि त्यात जादा गाद्या ठेवायचे.

नव्या स्पाची गाळणी जिवंत होती. भाजलेल्या मातीच्या पोकळ कांड्या आणि त्यांच्यावर वाढवलेला निरुपद्रवी जिवाणूंचा पातळ थर. दुधावर धरते तसा दिसायचा, म्हणून त्याचं नावही सायच पडलं. पाणी कांड्यांतून फिरलं की साय घाम आणि तेल खाऊन टाकायची. रोगजंतूंना काही उरायचंच नाही, आणि ते उपाशी मरायचे. पण खरी करामत पुढेच आहे. प्रत्येक माणसाच्या कातडीवर जिवाणूंची आपली आपली वस्ती असते, आणि एकत्र राहणाऱ्यांच्या वस्त्या हळूहळू एकमेकींत मिसळतात. सायीला विरजण लावायचं ते या घरच्या वस्तीचं. सुरुवातीचे काही आठवडे घरच्यांनी पाण्यात बसायचं आणि सायीने त्यांची ओळख करून घ्यायची. पुढे ओळखीबाहेरचं काही आलं, कुणाच्या पायाची बुरशी किंवा कुणाच्या जखमेतले जंतू, की साय चिकट तंतू सोडायची. पाणी ताकासारखं पांढरं व्हायचं, आणि यंत्र गोड बायकी आवाजात म्हणायचं, "पाण्यात परका घटक आहे. कृपया तपासा."

असं पाणी निवळायला दोन-तीन दिवस लागायचे, आणि तोवर त्यात उतरायचं नाही असा नियम होता.

तन्मयचं लग्न ठरलं तेव्हा सायीला वर्ष होऊन गेलं होतं. मुलगी लातूरची, यशोधरा बनसोडे, तन्मयची काही वर्षांपासूनची मैत्रीण. सांगलीतल्याच विजेच्या बसच्या डेपोत बॅटरी विभागात इंजिनियर, हसरी आणि बोलायला सडेतोड. तिच्या माहेरच्या दिवाणखान्यात मधोमध बाबासाहेबांची तसबीर होती, आणि मिरजकरांच्या भावकीतल्या दोन-तीन जणांचे चेहरे ती बघून आंबट झाले. शैलजाबाईंनी त्यांना तिथल्या तिथे झापलं. "आमच्याकडे असलं काही चालत नाही हं! मी पत्रिका बघितली नाही, रक्तगट बघितलाय." लग्न झोकात झालं. हळदीला बाईंनी कोपरापर्यंत हात पिवळे करून घेतले. आपण किती पुढारलेल्या आहोत याचा त्यांना भारी अभिमान होता, जरा जास्तच म्हणा ना.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दमलेली तिघं हौदात बसली. खूप हसली, गप्पा मारल्या. सकाळी पाणी पांढरं.

"पाण्यात परका घटक आहे. कृपया तपासा."

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. पण त्या समजूतदारपणे म्हणाल्या, "नवं माणूस आहे, साय शिकेल हळूहळू." यशोधराही हसली. "मलाही तुमच्या घरातले डबे कुठले कुठे असतात ते शिकायचंय अजून."

पाणी निवळलं आणि चार दिवसांनी पुन्हा पांढरं झालं. मग हे चक्रच सुरू झालं. बाईंची झोप उडाली. त्या सकाळ झाली की आधी व्हरांड्यात जायच्या, नळी भरायच्या, उजेडाकडे धरायच्या, पुन्हा भरायच्या. कपाटाच्या तळाशी प्रयोगशाळेतल्या दिवसांचा जंतुनाशक साबण होता, तो त्यांनी पहिल्यांदा पाणी बिघडलं त्याच दिवशी बाहेर काढला होता. घरात नवी वस्ती आलीय, निदान आपण तरी स्वच्छ असावं, म्हणून त्या सकाळ-संध्याकाळ त्याने अंग घासू लागल्या, आणि हौदात उतरण्याआधी आणखी एकदा. हे सगळं सायीच्या काळजीने चाललंय असं त्या स्वतःला सांगत होत्या, आणि त्यांचा त्यावर विश्वासही होता.

पाणी जास्तच बिघडत गेलं. पांढऱ्या पाण्यात उतरता येईना, तशी बोटं पुन्हा आखडली. दुखण्याने माणूस चिडचिडं होतं, आणि बाई मुळात काही फार थंड डोक्याच्या नव्हत्या.

त्या रविवारी सकाळी पाणी दोन दिवसांनी जरा निवळल्यासारखं दिसत होतं. बाई पदर खोचून, नळी घेऊन स्वयंपाकघरातून निघाल्या, तर यशोधरा हौदाच्या काठावर वाकलेली. पाणी कितपत तापलंय ते बघायला तिने हात पुढे केला होता.

"यशोधरा! पाण्याला हात लावू नकोस!"

आवाज बाईंना वाटला त्याहून मोठा निघाला. यशोधराचा हात तसाच अधांतरी राहिला. मग तिने तो मागे घेतला आणि खुंटीवरच्या टॉवेलला पुसला. हात ओला झालाच नव्हता.

तन्मय चहाचा कप घेऊन दारात उभा होता. "आई, काय बोललीस तू?"

"काय बोलले? पाणी आत्ता कुठे निवळतंय. परका घटक आहे त्यात. यंत्र सांगतंय ते, मी नाही."

"यंत्राने तिचं नाव घेतलं होतं?"

"अरे, घरात नवं दुसरं कोण आलंय? उगाच भलते अर्थ काढू नकोस. हे शास्त्र आहे."

यशोधरा टॉवेलची घडी घालत होती. ती वर न बघता म्हणाली, "माझ्या पणजोबांनाही हेच सांगितलं होतं, आई. तळ्यावर. तेव्हा शास्त्र दुसरं होतं एवढंच."

 आपण काय बोललो ते बाईंना आत्ता ऐकू आलं. पण माघार घ्यायची कशी? आपण तशा नाहीच मुळी! आपण जिवाणूंचं बोलत होतो. त्यांनी नळी पाण्यात बुडवली आणि मुद्दाम बराच वेळ उजेडाकडे धरून उभ्या राहिल्या. दोघं आत गेली तरी त्या तशाच उभ्या होत्या.

त्या दिवसापासून यशोधरा व्हरांड्यात फिरकली नाही. घरात बोलायची, जेवायची, बाईंना गोळ्यांची आठवण करायची. पण तिचं हसणं बंद झालं, आणि "आई" म्हणताना ती आधी जरा थांबू लागली. आणि पाणी? ते आपलं निवळून पुन्हा पांढरंच! बाईंचं डोकं चालेना. ही पाण्यात उतरत नाही तरी पाणी बिघडतं कसं? मग त्यांच्या मनाने नसतं काहीतरी घेतलं. आपण बाजारात गेलो की ती गुपचूप बसत असणार. आपला राग काढत असणार. त्या फरशीवर ओल्या पावलांचे ठसे शोधू लागल्या, टॉवेल ओला आहे का ते चाचपू लागल्या.

एकदा त्या अशाच वाकून फरशी बघत असताना तन्मयने त्यांना पकडलं.

"आई, बस झालं. तू तिला पाण्यात पाहतेस."

"मी पाण्यातच पाहतेय! तूही बघ जरा! कसं झालंय पाणी ते दिसत नाही तुला?"

"दिसतंय. अजूनही काय काय दिसतंय." तो थकलेल्या आवाजात बोलत होता. "मिरज रस्त्याला एक फ्लॅट बघितलाय आम्ही. तिने नाही, मीच विषय काढला. ती तर म्हणते, आईंच्या हातांचं कोण बघणार."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या रिकाम्या खोल्यांतून दिवसभर येरझाऱ्या घालत राहिल्या. नितळ पाण्याचा हौद आणि त्यात एकटी आपण, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. मुलगा जाईल. सून जाईल. आणि ती आपल्याबद्दल जे समजून जाईल ते कायमचं राहील. हे काही करून थांबवायलाच हवं, आणि थांबवायचं तर पाण्यात नेमकं काय आहे ते कळायला हवं, असं त्यांना वाटलं. बाईंना सगळ्या दुखण्यांवर तपासणी हा एकच उपाय ठाऊक होता.

डॉक्टर फरीदा मुजावर ही पूर्वी त्यांच्याच हाताखाली शिकलेली. आता साय बनवणाऱ्या कोल्हापूरच्या कंपनीत ती जिवाणूतज्ज्ञ होती, आणि तन्मयच्या लग्नाला आवर्जून आली होती. बाईंचा फोन गेला तशी ती स्वतः आली. कांड्या काढून बघितल्या, सायीचा नमुना घेतला, मग कापसाच्या काड्या काढल्या.

"तिघांच्याही हातांवरून घेते, मॅडम."

"माझं कशाला? सायीच्या जन्मापासून मी आहे इथे."

"तिघांतल्या एकाला वगळलं असतं तर तुम्हीच माझे कान पिळले असते की!"

यशोधरा डेपोतून नुकती आली होती. तिने पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. "दोन्हींचं घ्या, मॅडम. नखांखालचंही घ्या. पुन्हा शंका नको." फरीदाने चमकून शैलजाबाईंकडे बघितलं. बाई कांड्या मोजत असल्यासारखं दाखवत होत्या.

आठवड्याने फरीदा परत आली. फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणाली. तिघंही दिवाणखान्यात बसली होती. तिने चहा घेतला, कप खाली ठेवला, तो बशीत दोनदा फिरवला.

"मॅडम, आंघोळीला काय वापरता हल्ली?"

बाईंनी उत्साहाने साबणाचं नाव सांगितलं. आपण किती काळजी घेतो तेही सांगितलं. सकाळी, संध्याकाळी, शिवाय पाण्यात उतरायच्या आधी.

"असं कधीपासून?"

"लग्न झालं आणि—" बाई बोलता बोलता थांबल्या. 

फरीदा हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, तुम्हाला मी काय सांगणार! रोज तीनदा त्या साबणाने घासलं तर कातडीवर आपलं असं काही उरत नाही. जुनी वस्ती उठते, आणि मोकळ्या जागेवर भलतेच उपरे जंतू येऊन बसतात, साबणाला न जुमानणारे. तुमच्या हातांवर सगळे तेच आहेत. साय त्यांना बघून बिथरते." तिने घसा साफ केला. "यशोधराचं म्हणाल, तर सायीला ती लग्नाआधीपासून ठाऊक आहे. तन्मय आणि ती किती वर्षं बरोबर फिरतायत! त्याच्या अंगावरून तिची वस्ती या पाण्यात केव्हाच आली होती. ती घरचीच आहे. पाण्याला परक्या तुम्ही आहात, मॅडम."

"पण पहिल्यांदा? लग्नाच्या दुसऱ्या दिवशी? तेव्हा साबण नव्हता."

"तेव्हा हळद होती. आणि तेल. हळदीने जिवाणू मरतात हे तुम्हीच शिकवलंत मला. तुमचे हात कोपरापर्यंत पिवळे होते, मी स्वतः बघितलेत."

बाईंना बसल्या जागी जमीन दुभंगावी असं वाटलं. सुनेपासून जपायला म्हणून अंग घासलं, आणि घासून घासून स्वतःच उपऱ्या झाल्या. फरीदा पुढे उपाय सांगत होती. साबण बंद करा, या दोघांच्या सोबत रोज पाण्यात बसा, त्यांची वस्ती तुमच्या हातांवर पुन्हा रुजेल, मग साय ओळखेल. बाईंना त्यातलं निम्मंच ऐकू येत होतं.

"म्हणजे आता माझ्या हातांची गरज आहे," यशोधरा म्हणाली.

"यशोधरा, चुकले गं मी." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी तुझ्यावर नाही नाही तो संशय घेतला. माझं फार चुकलं."

यशोधराने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, आणि तेच बाईंना सोसवेना.

"आई, एक विचारू? समजा तपासणीत माझंच नाव निघालं असतं, तर?"

  उत्तराची वाट न बघता यशोधरा उठून आत गेली.

तो दिवस बाईंनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. जेवल्या नाहीत. उठल्या, बसल्या, देवघरातला दिवा दोनदा पुसला. तर काय, तर काय, हेच डोक्यात घुमत होतं. तर मी माफी मागितली नसती. तर मी फरीदाला शाबासकी दिली असती. सकाळी यशोधरा डबा भरत होती, तिथे जाऊन त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

"तर मी तुला बाहेरच ठेवलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि वर, मी शास्त्राने वागले, असं मरेपर्यंत सगळ्यांना सांगत फिरले असते."

यशोधराने पोळीची घडी डब्यात ठेवली, झाकण लावलं. "खरं बोललात," एवढंच म्हणाली आणि कामाला गेली. तिने माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि बाईंनीही विचारलं नाही.

ती गेल्यावर बाईंनी व्हरांड्यात जाऊन हौदाची तोटी धरली. बोटं वळेनात. दोन्ही तळव्यांमध्ये तोटी दाबून, ओठ चावत त्यांनी ती फिरवली. पाणी भळाभळा मोरीत गेलं. मग एकेक कांडी काढली आणि घासून स्वच्छ केली. साय पांढऱ्या सालींसारखी निघून नळाखाली वाहून गेली. तन्मय आवाज ऐकून धावत आला.

"आई! वेड लागलं का तुला? साय पुन्हा वाढवायला किती दिवस लागतील!"

"वाढवायची नाहीच आहे. कागदाची गाळणी मागव, साधी. आणि क्लोरीन."

"दर आठवड्याला धुवायला लागेल ती. तुझ्या बोटांनी?"

"लागू दे. आपलं कोण आणि परकं कोण हे ओळखणारं यंत्र मला नको, तन्मय. ते काम मी एकटीच भरपूर वाईट करते. आणि यंत्रातल्या त्या बयेचा आवाज आधी बंद कर."

 तन्मयने पाना आणला.

पुढचे आठवडे कष्टाचे गेले. क्लोरीनने डोळे झोंबायचे. मिश्रण जमेपर्यंत पाणी नीट तापवता आलं नाही, आणि बाईंची बोटं इतकी आखडली की वेणीही तन्मयने घातली, तीही वाकडी. तरी गाळणी त्या स्वतःच धुवायच्या. चौरंगावर बसायचं, ब्रश तळव्यांत धरायचा, आणि एकेक घडी उघडून घासायची. तन्मयचे केस, कोंडा, कुठलंसं पान, सगळं निघायचं. यशोधरा दारातून बघायची आणि आत जायची. फ्लॅटचं काय झालं हे विचारायचं धाडस बाईंना झालं नाही. दार वाजलं की त्यांना वाटायचं, आज सांगतील.

एका शनिवारी दुपारी पाणी पहिल्यांदा मनासारखं नितळ झालं. बाईंनी नळी उजेडात धरली आणि कितीतरी दिवसांनी मान हलवली. गाळणीची शेवटची बाजू घासायची राहिली होती, ती घेऊन त्या चौरंगावर टेकल्या.

यशोधरा डेपोतून आली ती थेट मागच्या दारानेच. घामाने डबडबलेली, हात मनगटापर्यंत बॅटरीच्या वंगणाने काळे. "काय ऊन आहे बाई!" म्हणत ती काठावर बसली, चपला भिरकावल्या आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले. ओंजळीने तोंडावर पाणी मारलं. एकदा, दोनदा. मग पाय सोडून बसली.

"आई, अजून तापायला हवं हो हे," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात आई-बाबा येणार आहेत लातूरहून. बाबांचे गुडघे दुखतात, त्यांनाही बसवू."

"बसवू की," बाई म्हणाल्या. 

वंगणाचा काळा तवंग नितळ पाण्यावर हळूहळू पसरत चालला होता. बाईंनी तो पाहिला, खाली मान घातली आणि पुढची घडी घासायला घेतली. पाण्यात हात घालताना यशोधराने कुणाला विचारलं नव्हतं, आणि शैलजाबाईंना हुंदका आवरेना.